खातरजम्यांचा रीड व्हॉल्व्ह

खातरजमे फटफटी फाटकातून बाहेर काढत असताना नानांनी तिसऱ्यांदा बजावलं, "इंजिन उघडू द्यायचं नाही कोणाला. वरवर साफ करा म्हणावं."

"नाही हो नाना, उघडतंय कोण?" खातरजमे म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं. आपण ते इतक्या सफाईने बोललो याचं खुद्द त्यांनाच नवल वाटलं, आणि आपण एवढं सफाईने बोलू शकतो तर बाकीचे लोक किती बोलत असतील, या विचाराने ते कोपऱ्यापर्यंत जाईतो घामाघूम झाले.

खातरजमे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसात "खातरजमा केलीत का?" हा प्रश्न ते दिवसातून इतक्या वेळा विचारत, की खऱ्या आडनावाने कोणी फोन केला तर शिपाई 'राँग नंबर' म्हणून ठेवून देई. माणूस वाईट नव्हता हो. कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त कोणावर विश्वास टाकणं त्यांना जमत नसे. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले की ते मनगटावरचं बघत, आणि दोन्हींचं जमलं की या दोघांनी आपापसात ठरवलंय की काय, अशी शंका घेत.

आता इंजिन उघडणं भाग का होतं, तेही सांगितलं पाहिजे. गाडी नानांची, म्हणजे खातरजम्यांच्या वडिलांची. टू-स्ट्रोक, जुन्या घडणीची, टाकीवरचा रंग कुठला होता यावर घरात दोन मतं. नोंदणीचं नूतनीकरण आलं म्हणून खातरजमे ती वाहन कार्यालयात घेऊन गेले, तर धुराच्या तपासणीत पाइपातून असा काही लोट निघाला की निरीक्षकसाहेब नेमके कुठे उभे आहेत ते त्यांच्या खोकल्यावरून शोधावं लागलं. नापास. पुढचे रकाने साहेबांनी भरलेच नाहीत. तीस दिवसांत धूर आटोक्यात आणा, नाहीतर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात, असं पत्र हातात आलं.

नानांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला ते खाली जात, फडक्याने गाडी वरवर पुसत, ऐंशीच्या घरातला माणूस पण एका किकेत चालू करत आणि कान देऊन पाच मिनिटं ऐकत. आई गेल्यापासून त्यांचा दिवसच मुळी त्या आवाजाने सुरू होई. गाडी भंगारात गेली तर नाना अंथरूण धरणार, याबद्दल खातरजम्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका नसण्याची त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच वेळ.

गाडी आधी नुसती दाखवायला नेली. गॅरेजातले मिस्त्री पन्नाशीचे, मितभाषी, एकटेच काम करणारे. त्यांनी गाडी चालू केली, कार्ब्युरेटरच्या तोंडासमोर तळहात धरला आणि ओला झालेला तळहात खातरजम्यांना दाखवला.

"हिच्या पोटाला दार नाही, साहेब."

"दार नाही म्हणजे?"

"पिस्टन वर गेला की पेट्रोल-हवा आत येते. खाली आला की त्यातली थोडी उलटी बाहेर. म्हणून पेट्रोल जास्त सोडावं लागतं, म्हणून हा धूर. मध्ये रीड व्हॉल्व्ह बसवू. चार पातळ पात्या असतात. आत जाताना उघडतात, परत फिरलं की मिटतात."

"म्हणजे एकदा आत गेलेलं परत बाहेर येत नाही?"

"नाही."

"आमच्या ऑफिसात फायलींचं असंच आहे," खातरजमे म्हणाले, आणि यंत्रशास्त्र आपल्याला बऱ्यापैकी कळतं असं त्यांना त्या दिवशी प्रथमच वाटलं. पण त्यासाठी इंजिन उघडावं लागणार, सिलिंडरला नवं तोंड करावं लागणार आणि चांगल्या धडधाकट पिस्टनला खालच्या बाजूने दोन खिडक्या कापाव्या लागणार, हे ऐकल्यावर यंत्रशास्त्र बाजूला राहिलं आणि शंका पुढे आली. धडधाकट वस्तूला भोकं पाडायची आणि वर त्याला सुधारणा म्हणायचं, हे त्यांनी फक्त रस्त्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्या शंकेला खतपाणी घातलं ते सोसायटीच्या सेक्रेटरींनी. सेक्रेटरींकडे कधी सायकलही नव्हती, त्यामुळे वाहनांविषयी ते मोकळेपणाने बोलत.

"गॅरेजात टाकताय? टाका बापडे. पण जुन्या गाडीचे ओरिजिनल पार्ट सोन्याच्या भावाने जातात, ठाऊक आहे ना? गाडी आत जाते ती जाते. बाहेर येतो तो सांगाडा."

"मिस्त्री तसे साधे वाटतात हो."

"तेच तर!" सेक्रेटरी एकदम खालच्या आवाजात म्हणाले. "लबाड वाटला असता तर प्रश्नच नव्हता. खुणा करून ठेवा. प्रत्येक पार्टावर. नवा दाखवतात, जुना बसवतात."

झालं. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात न्यायच्या आधीच, नाना आंघोळीला गेलेले बघून खातरजमे जिन्याखाली उकिडवे बसले आणि इंजिनाच्या मुख्य केसिंगवर, खालच्या अंगाला, मुलीच्या जुन्या कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने एक बारीक पण खोल फुली कोरली. सुट्या भागांसाठी त्यांनी बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली शर्टाच्या खिशात टाकली. सरकारी शिक्क्याचा रंग लाल नसता तर त्यांना ही कल्पना सुचली नसती, असं त्यांनी पुढे बायकोला सांगितलं. तिला ते पटलं नाही.

मग दोन आठवडे रजा टाकून खातरजमे गॅरेजात. एक स्टूल, एक डायरी, मांडीवर डबा. मिस्त्रींनी बोल्ट काढला की हे वेळ लिहीत. मिस्त्री हात धुवायला मागे गेले की हे टुणकन उठत, ठिपका देत, फुंकर मारत आणि पुन्हा स्टुलावर येऊन छताकडे बघत. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"साहेब, एक विचारू? तुम्ही नक्की कोणत्या खात्याचे?"

"मी? मी गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक गाडी टाकून जातं. तुम्ही माझी पाणी प्यायची वेळसुद्धा लिहिलीत. कर खात्याचे असाल तर सरळ सांगा, सगळी बिलं कपाटात आहेत."

खातरजमे दुखावले. आपल्यावर कोणी संशय घ्यावा, आणि तोही उघड उघड तोंडावर? काही रीतभात असते की नाही? संशय घ्यायचा तो समोरच्याला कळू न देता, अशा मताचे ते.

घरी वेगळीच आघाडी उघडली होती. रजा टाकलेला नवरा सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी बोटांना लाल रंग लावून येतो, आणि आपली नेलपॉलिशची बाटली निम्म्यावर आलेली. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढता वाढता म्हणाली, "अहो, एक सांगाल का? हे नेमकं कोणाच्या नखांना लावता?"

"पिस्टनला," खातरजमे म्हणाले.

खरं बोलण्याचा असा विचित्र अनुभव त्यांना पूर्वी आला नव्हता. बायकोने डावातली उरलेली आमटी परत पातेल्यात ओतली. तेव्हापासून त्यांना वाढप आपलं आपण करावं लागे.

व्हॉल्व्ह बसवायचा दिवस उजाडला. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घासून तयार होता, नव्या कोऱ्या चार पात्या मिस्त्रींनी कागदावर मांडून ठेवल्या होत्या आणि ते कापड आणायला वळले. नवा दाखवतात, जुना बसवतात! खातरजम्यांनी चारही पात्यांच्या टोकांवर घाईघाईने ठिपके दिले. घाईत ते अंमळ मोठेच पडले. फुंकर मारायला वेळ मिळाला नाही.

जोडणी झाली. मिस्त्रींनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. इंजिनाने एक कोरडा उसासा टाकला आणि गप्प झालं. मिस्त्री मारून दमले, मग खातरजम्यांनी बूट काढून मारली, मग बूट घालून मारली. पायाच्या नडगीला किकेचा दांडा बसून त्यांना ब्रह्मांड आठवलं. एका पायावर नाचत त्यांनी आजवर मनात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं.

"मला ठाऊकच होतं! चालती गाडी आणली होती मी! नवा व्हॉल्व्ह म्हणे! कुठल्या भंगारातला बसवलात, सांगा!"

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. चार स्क्रू काढले, व्हॉल्व्ह बाहेर घेतला आणि उजेडात धरला. चारही पात्या बैठकीला घट्ट चिकटल्या होत्या. आत जायला वाट नाही, बाहेर यायला वाट नाही. त्यांनी नखाने खरवडलं. लाल पापुद्रा निघाला.

"हे काय आहे, साहेब?"

खातरजमे स्टुलावर बसले. नडगी चोळण्यात त्यांनी शक्य तितका वेळ काढला.

मग मिस्त्रींनी गाडीवरचा एकेक भाग उजेडात न्याहाळला. बोल्टावर ठिपका, वॉशरवर ठिपका, झाकणावर ठिपका. ज्या फडक्याला ते हात पुसत त्याच्यासुद्धा कोपऱ्यावर ठिपका होता. बावीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या त्या माणसाचा चेहरा एवढासा झाला.

"मोजून घ्या," ते शांतपणे म्हणाले. "एकही कमी असला तर सांगा. मग पुढचं काम करतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. खातरजम्यांना मान वर करवेना. आणि तरी, खोटं कशाला सांगा, त्यांनी मनातल्या मनात बोल्ट मोजलेच. अकरा. बरोबर होते.

मिस्त्रींनी पात्या घासून स्वच्छ केल्या, पुन्हा जोडल्या, आणि गाडी दुसऱ्या किकेला अशी लागली की खातरजमे दचकून मागे सरले. धूर म्हणावा तर निळसर रेघ. मिस्त्रींनी इंजिन रॉकेलने खालपासून वरपर्यंत धुऊन लखलखीत केलं, कारण काम देताना ते नेहमी तसंच देत. निरोप मात्र घेतला नाही. आत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मुदतीच्या सत्ताविसाव्या दिवशी वाहन कार्यालय. धुराच्या यंत्राने पास म्हटलं. खातरजम्यांची छाती फुगली. निरीक्षकसाहेबांनी आता पुढचे रकाने भरायला घेतले, खाली वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"इंजिन कधी बदललं?"

"बदललं नाही. रीड व्हॉल्व्ह बसवलाय, त्याचा अर्ज सोबत, तीन प्रतींत."

"तो राहू द्या. नोंदणीपुस्तकातला नंबर वेगळा, इंजिनावरचा वेगळा. इतकी वर्षं मळाखाली होता म्हणून कोणी बघितला नसेल. आज चांगला धुतलाय, स्वच्छ वाचता येतो. हे इंजिन या गाडीचं नाही."

खातरजम्यांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि लगेच, सांगायला वाईट वाटतं, पण त्यांना मनातून बरंच वाटलं. आपण बरोबर होतो! दोन आठवडे स्टुलावर बसलो ते उगाच नाही! एवढं डोळ्यांत तेल घालून बसलो तरी अख्खं इंजिन बदललं त्या माणसाने, आणि वर चेहरा पाडून 'मोजून घ्या' म्हणतो! त्यांनी तिथल्या तिथे कोरा कागद मागितला आणि दोन पानी तक्रार खरडली. अशी तक्रार त्यांनी उभ्या नोकरीत लिहिली नव्हती.

निरीक्षकांनी ती वाचली. "ही मी आत दिली तर उद्या गॅरेजला सील लागेल. परवानाही जाईल. तुमची खात्री आहे?"

"खात्री? पुरावा देतो! गाडी न्यायच्या आधी, घरीच, माझ्या हाताने मी मूळ इंजिनाच्या केसिंगवर खूण केली होती. आता या इंजिनावर ती दाखवा मला!"

निरीक्षकांनी बॅटरी लावली. दोघेही वाकले. फुली होती. बारीक, खोल, थोडी तिरकी, कारण कोरताना नानांच्या बाथरूमची कडी वाजली होती. नंबर ज्या केसिंगवर, फुलीही त्याच केसिंगवर, चार बोटांवर.

"म्हणजे," निरीक्षक सावकाश म्हणाले, "जे इंजिन घरातून निघालं तेच हे. मग साहेब, बदललं ते घरी." आणि ते खातरजम्यांकडे अशा नजरेने बघू लागले, की त्या नजरेने आजवर आपण किती जणांकडे बघितलंय, ते खातरजम्यांना लख्ख आठवलं. तक्रारीचा कागद त्यांनी साहेबांच्या हातून जवळजवळ ओढून घेतला. खुलाशाला उद्यापर्यंतची मुदत मिळाली. खुलासा नाही, तर गाडी जप्त.

नाना खिडकीशी बसले होते. खातरजम्यांनी चप्पलही काढली नाही.

"नाना, इंजिनाचा नंबर जुळत नाही."

नानांनी मांडीवरचं फडकं उचललं. "म्हटलं होतं ना, उघडू नका," ते म्हणाले. "धुतलं का त्याने?"

"धुतलं."

"मला वाटलंच." मग हातातलं फडकं घडी घालत, उलगडत म्हणाले, "तू अकरा वर्षांचा होतास. मामाकडे निघालो होतो आपण. वाटेत इंजिन जाम झालं, आठवतं?"

न आठवायला काय झालं! या गाडीला पेट्रोल भरताना त्यात मापाने तेल घालावं लागतं, आणि ते माप घालायचं काम घरात खातरजम्यांचं होतं. त्या दिवशी गाडी चार मैल ढकलली, भर रस्त्यात एक थोबाडीत बसली, आणि मामाकडे पोचल्यावर सगळ्या नातेवाइकांसमोर नानांनी सांगितलं की पोरगं तेल घालायला विसरलं. त्यानंतर कित्येक वर्षं या घरात त्यांना गाडीला हात लावू दिला गेला नाही. "नाना, तुम्हीच म्हणालात राहू दे, मी घालतो," असं ते तेव्हा रडून रडून सांगत होते. पण सगळी मोठी माणसं एका बाजूला म्हटल्यावर महिन्याभरात त्यांची स्वतःचीच खात्री पटेनाशी झाली. गॅसचं बटण बंद केलं का, हे तीन-तीनदा बघायची खोड त्यांना तेव्हापासूनची.

"मीच म्हणालो होतो," नाना म्हणाले. "राहू दे, मी घालतो, म्हणालो होतो. आणि विसरलो. ते इंजिन गेलं ते गेलंच. जुन्या बाजारातून दुसरं आणून गुपचूप बसवून घेतलं. कागदावर नोंद केली असती, तर कारण लिहावं लागलं असतं."

खातरजम्यांना राग आला होता, चांगला सणसणीत आला होता, पण समोरचा माणूस इतका म्हातारा झालेला बघून तो कुठे काढावा ते त्यांना कळेना. शेवटी दारात उभी असलेली बायको म्हणाली, "नाना, उद्या तुम्ही स्वतः चला ऑफिसात." आणि आत जाऊन तिने नवऱ्याचं ताट वाढलं.

सकाळी खातरजमे आधी गॅरेजात गेले. व्हॉल्व्ह बसवणाऱ्या कारागिराची सहीही लागणार होती.

"मिस्त्री, मी तुमच्याविरुद्ध तक्रार लिहिली होती. इंजिन चोरल्याची."

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला. "दिलीत?"

"नाही दिली. माझं चुकलं. फार चुकलं."

"पण लिहिलीत," मिस्त्री म्हणाले. मग हात पुसले, दुकानाची फळी ओढली आणि चालू लागले. खातरजम्यांच्या पुढे दहा पावलं.

निरीक्षकांनी नानांना खुर्ची दिली आणि अर्ज पुढे केला. 'इंजिन बदलल्याचे कारण' याला अर्जात दीड ओळ जागा होती. नाना त्या दीड ओळीवर पाऊण तास बसले. जागा संपल्यावर समासात लिहिलं. निरीक्षकांनी अर्ज घेऊन मोठ्याने वाचला, कारण ते सगळेच अर्ज मोठ्याने वाचत.

"'पेट्रोलमध्ये तेल घालण्यास मी स्वतः विसरलो, त्यामुळे मूळ इंजिन निकामी झाले. मुलगा विसरला असे मी सर्वांना सांगितले, ते खोटे होते. त्याची काही चूक नव्हती.'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आजोबा, पहिलं वाक्य पुरे आहे. पुढचं लागत नाही. खोडा ते."

"राहू द्या," नाना म्हणाले. "लागतं ते."

निरीक्षकांनी खांदे उडवले. "साक्षीदार कोण? घरचा चालणार नाही."

कोणी काही म्हणायच्या आत मिस्त्री पुढे झाले. त्यांनी अर्ज वाचला, सबंध, समासासकट. सही केली, खाली ठळक अक्षरात धंदा लिहिला आणि पेन परत देताना पहिल्यांदाच खातरजम्यांकडे वळून बघितलं.

"माझ्यावरचा आळ एका दिवसात उतरला, साहेब," ते म्हणाले. "तुम्हाला फारच थांबावं लागलं."

खातरजम्यांनी मिस्त्रींना हात जोडले. निरीक्षकसाहेबांनी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.